अम्मीच्या मालिका आणि अब्बांची कॅसेट

२०१६ च्या जुलैमध्ये वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी आली होती. जपानमधील फुनाई इलेक्ट्रिक या कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले. नवे व्हीसीआर बनवणारी ती शेवटची कंपनी होती. एके काळी ही कंपनी वर्षाला दीड कोटी यंत्रे विकायची, २०१५ साली ती संख्या साडेसात लाखांवर आली होती, आणि सुटे भागही मिळेनासे झाले होते. आम्ही ही बातमी घरात मोठ्याने वाचून दाखवली. मुलांना तिचे काही वाटले नाही. अम्मी मात्र म्हणाली, "म्हणजे आपला आता बिघडला तर मिळणारच नाही?"

आपला व्हीसीआर तेव्हा माळ्यावर होता. रमजान लागायच्या आठवडाभर आधीच आम्ही तो टीव्हीखालून काढला होता आणि त्याच्या जागी डिशचा नवा, रेकॉर्डिंग करणारा डबा बसवला होता.

कोकणातल्या मुसलमान घरांत व्हीसीआर बहुतेक ठिकाणी आखातातून आला. आमचाही तसाच. अब्बा कुवेतला नोकरीला होते. १९८६ च्या सुट्टीत त्यांनी नॅशनलचा व्हीसीआर आणला, तो मुंबईहून एसटीने घरापर्यंत मांडीवर घेऊन. गावात वीज होती, पण टीव्हीला चित्र धड येत नसे. कॅसेटवर मात्र ते अगदी स्वच्छ दिसे. त्या यंत्राभोवती पडवीत किती माणसे बसत, ते आज सांगितले तर मुलांना खरे वाटत नाही. सिनेमे तर होतेच. पण आमच्याकडे, आणि आसपासच्या बऱ्याच गावांत, पाकिस्तानी नाटकांच्या कॅसेटी फिरत. 'तनहाइयां', 'धूप किनारे'. दोन्ही हसीना मोईन यांनी लिहिलेली. कुवेत, दुबई, जेद्दाहून येणाऱ्या माणसाच्या बॅगेत अत्तर, टॉर्च आणि दुधाच्या पावडरीच्या डब्यांबरोबर या कॅसेटी असत. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आज उर्दूच्या तासाला मुलांना शीन आणि काफ नीट म्हणायला सांगतो, ते ऐकण्याची सवय आम्हाला मदरशाइतकीच त्या कॅसेटींनीही लावली. हे काहींना रुचणार नाही, पण खरे आहे.

टीव्ही घरात असावा की नसावा यावर आमच्या समाजात तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. आमच्या घरात अब्बांनी एकच नियम केला होता. अजान झाली की बटण बंद. कॅसेटीचे बरे होते, थांबवली तिथे थांबायची. दूरदर्शन कोणासाठी थांबत नसे.

उलट दिशेनेही कॅसेटी जात. १९८८ साली आपाचे लग्न झाले तेव्हा अब्बांना रजा मिळाली नाही. लग्नाची कॅसेट काढली, दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून तिची प्रत केली आणि ती शेजारच्या गावातल्या एका माणसाबरोबर कुवेतला पाठवली. मुलीची रुखसती बापाने दोन महिन्यांनी, हजारो किलोमीटरवर, चार खोलीभाऊ बरोबर घेऊन पाहिली. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि अब्बा अम्मानमार्गे विमानाने परत आले, तेव्हा अंगावरचे कपडे आणि एक हातातली पिशवी एवढेच बरोबर होते. ती प्रत तिकडेच राहिली. मूळ कॅसेट इकडे होती म्हणून लग्न वाचले.

पहिला व्हीसीआर १९९९ पर्यंत चालला. दुसरा थोरल्या भावाने दुबईहून पाठवला, तोच हा.

तो काढण्याची वेळ का आली, हे ज्यांच्या घरी अजून व्हीसीआर आहे त्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे. अँटेनाच्या काळात व्हीसीआर स्वतः चॅनल पकडत असे. त्यात वेळ लावून ठेवली की तो आपला आपण सुरू होई, चॅनल लावी, रेकॉर्ड करी आणि बंद होई. (वेळ लावायला आमच्या घरात फक्त धाकट्या भावाला येत असे. तो नसला की घड्याळाचे आकडे नुसते लुकलुकत राहत.) डिश आली आणि हे सगळे गेले. चॅनल आता डिशचा डबा पकडतो, व्हीसीआरला त्या डब्यातून एका वायरीने जे येईल तेच मिळते. म्हणजे डब्यावर बातम्या लावलेल्या असतील तर व्हीसीआर बातम्याच रेकॉर्ड करणार. मालिका रेकॉर्ड व्हायची असेल तर दुसरे काही पाहायचे नाही, डबा बंद करायचा नाही, आणि मुलांपैकी कोणी चॅनल बदलला तर अम्मीच्या मालिकेत मधेच कुस्ती. असे बरेचदा झाले आहे.

नव्या डब्याचे काम वेगळे आहे. उपग्रहावरून येणारे चित्र मुळातच आकड्यांच्या रूपात, दाबून लहान केलेले असते. व्हीसीआर त्याचे पुन्हा जुन्या पद्धतीचे चित्र करून फितीवर उतरवत असे, त्यात थोडे हरवायचे. हा डबा आलेले आकडे जसेच्या तसे आतल्या हार्ड डिस्कवर लिहून ठेवतो. म्हणून शंभराव्यांदा पाहिले तरी चित्र पहिल्यासारखेच. त्यात दोन ट्यूनर असतात. एक रेकॉर्ड करतो, तेव्हा दुसऱ्यावर आपण वेगळे काही पाहू शकतो. यासाठी छतावरच्या तबकडीपासून दोन केबली खाली आणाव्या लागतात. हे बसवणाऱ्या मुलाने आधी सांगितले नाही. एकच केबल ओढून तो निघाला होता, आम्ही पुस्तिका वाचून त्याला जिन्यातून परत बोलावले. आमच्या डब्यात ५०० जीबीची डिस्क आहे. मालिकेचे नाव एकदा सांगितले की रोजचा भाग तो न विसरता धरतो.

२०१६ साली रमजान ७ जूनला सुरू झाला आणि याच डब्याने घरातली एक मोठी कटकट मिटवली. फ्रान्समध्ये युरो कपचा फुटबॉल चालू होता. आपल्याकडे सामने संध्याकाळी साडेसहा, रात्री साडेनऊ आणि मध्यरात्रीनंतर साडेबाराला लागायचे. पहिला सामना ऐन इफ्तारच्या तयारीत, दुसरा तरावीहच्या वेळी, आणि तिसरा पाहत बसला तर सहरीला उठणार कोण? थोरला दहावीत. त्याआधीच्या वर्षीपर्यंत अशा वेळी आम्ही रागावायचो, तो तोंड पाडून मशिदीत जायचा आणि आठव्या रकातीनंतर हळूच सटकायचा. त्या वर्षी साडेनऊचा सामना डबा रेकॉर्ड करू लागला. तो वीस रकाती पुऱ्या करून यायचा, शांतपणे पाहायचा, जाहिराती पुढे ढकलायचा. त्याची एकच अट होती, घरात कोणी निकाल सांगायचा नाही. निकाल मित्रांनी मोबाईलवर पाठवून फोडला, ती गोष्ट वेगळी.

अम्मीला तर जणू ईदीच मिळाली. संध्याकाळची मालिका म्हणजे तिच्यासाठी भजी तळण्याची वेळ. आता ती जोहरनंतर आडवी होऊन आदल्या दिवशीचा भाग पाहायची. रिमोटवरची तीन बटणे आम्ही तिला शिकवली. तिसऱ्या दिवशी ती शेजारणीला शिकवत होती.

पावसाने मात्र हिसका दाखवला. त्या वर्षी तो उशिरा उतरला, रमजान निम्मा होत आला तेव्हा. पण उतरला तो कोकणातला पाऊस. डिशचे सिग्नल ज्या लहरींवरून येतात त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून आलेल्या या लहरी मुसळधार पावसाचे शेवटचे काही किलोमीटर ओलांडताना थकतात, थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. जुन्या अँटेनाच्या चित्रात मुंग्या यायच्या, तरी आवाज चालू राहायचा. इथे चौकोन चौकोन दिसतात आणि मग काहीच नाही. डबा इमानाने रेकॉर्ड करतो, पण त्यात मधली वीस मिनिटे नसतात. अम्मीच्या एका मालिकेत तलाक होणार की नाही हे त्या वीस मिनिटांतच ठरले. पुढचे तीन दिवस घरात अंदाज चालले होते.

ती मालिका 'जिंदगी' चॅनलवरची. जून २०१४ मध्ये हे चॅनल सुरू झाले तेव्हा अम्मीला तिचे जुने दिवस परत मिळाल्यासारखे झाले. 'जिंदगी गुलजार है', 'हमसफर' आणि त्यानंतरच्या कितीतरी. कॅसेटीसाठी आता कोणाच्या बॅगेची वाट पाहायला नको होती. मग १८ सप्टेंबर २०१६ ला उरीचा हल्ला झाला, आपले जवान शहीद झाले, आणि त्याच महिन्यात या चॅनलने पाकिस्तानी मालिका दाखवणे थांबवले. त्या निर्णयाची चर्चा करण्याची ही जागा नाही. अम्मीनेही काही चर्चा केली नाही. एवढेच म्हणाली, "बरे झाले, आपण रेकॉर्ड करून ठेवले." डब्यात तिचे साठाच्या वर भाग होते. रोज दोन पाहीन, महिनाभर पुरतील, असा तिचा हिशेब होता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात विजांचा कडकडाट झाला आणि डबा अडकला. चालू करावा तर कंपनीचे चिन्ह येई आणि तिथेच थांबे. तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी मुलगा आला, पाच मिनिटांत जुना डबा काढून नवा लावला आणि कागदावर सही मागू लागला. अम्मीने विचारले, "माझे भाग कुठे आहेत?"

तो म्हणाला, "खाला, ते गेले. जुन्या डब्यातले नव्यात येत नाही."

आम्ही म्हणालो, हार्ड डिस्क काढून संगणकाला लावू. तो हसला नाही, चांगला मुलगा होता. त्याने समजावून सांगितले. डब्यातले प्रत्येक रेकॉर्डिंग कुलूपबंद असते आणि त्याची किल्ली त्याच डब्यात, त्याच्याच कार्डाशी बांधलेली असते. डिस्क काढून संगणकाला लावली तरी काही दिसणार नाही. आणि डबा चांगला असला, पण महिन्याचे पैसे भरायचे राहिले, तरी आपणच रेकॉर्ड केलेले आपल्याला दिसत नाही. पुस्तिकेत हे लिहिले आहे. बारीक अक्षरात आहे, आणि आम्ही दोन केबलींचे पान वाचून पुस्तिका मिटली होती. शाळेत मुलांना 'पूर्ण प्रश्नपत्रिका वाचा' म्हणून सांगणारे आम्हीच.

कार्यक्रम बनवणाऱ्यांच्या हक्कासाठी अशी कुलपे असतात, ते आम्हाला मान्य आहे. पण दुकानात कोणी असे सांगत नाही. तिथे म्हणतात, "एवढे तास साठवा." साठवा म्हटले की आपल्या मनात कणगी येते, लोणच्याची बरणी येते. हा डबा बरणी नाही. आज संध्याकाळचे उद्या दुपारी पाहायला तो उत्तम, त्यापुढचा भरवसा त्याच्यावर ठेवू नये.

अम्मी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माळ्यावरून तुझ्या अब्बांची कॅसेट काढ. ती तरी आहे का बघ."

अब्बांची कॅसेट म्हणजे १९९६ ची. त्या वर्षी अब्बा-अम्मी हजला गेले. मुंबईहून हाजींना नेणारे जहाज आदल्याच वर्षी बंद झाले होते, हे दोघे विमानाने जाणार होते. निरोप द्यायला अंगणात गाव जमला. बाजारातल्या व्हिडिओवाल्याने तीन तासांची ई-१८० कॅसेट काढली. अब्बा २००४ साली गेले. अल्लाह त्यांची मगफिरत करो. फोटो आहेत, पण बोलणारे अब्बा फक्त त्या कॅसेटीत आहेत.

माळ्यावर दोन पावसाळे काढलेल्या पेटीत अकरा कॅसेटी निघाल्या. सातांच्या खिडकीतून पाहिले तर फितीच्या कडेला पांढरी भुकटी. बुरशी. हजची त्यांतच. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. आत एक नळकांडे सेकंदाला पंचवीस फेरे घेते, त्याच्यावरच्या बारीक हेडांना बुरशी लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही ती चिकटते. आम्हाला हे ठाऊक नव्हते. आम्ही दोन बिनमहत्त्वाच्या कॅसेटी तालुक्याच्या एका स्टुडिओत सीडी करायला दिल्या, कसे करतात ते पाहावे म्हणून. एक नीट आली. दुसरी तुटून, चिकटपट्टी लावून परत आली आणि मधली काही मिनिटे गायब. हजची त्यांना द्यायची हिंमत झाली नाही.

आमच्या शाळेतले संगणकाचे शिक्षक मदतीला आले. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस आमच्या ओटीवर हेच चालले होते. कॅसेटीच्या पाठीचे पाच स्क्रू काढायचे, दोन्ही चक्रे अलगद उचलायची. हाताने फिरवत फिरवत, धागे न सुटणाऱ्या कोरड्या फडक्याने फीत पुसायची, तोंडाला रुमाल बांधून आणि घराबाहेर बसून. मग चक्रे दुसऱ्या स्वच्छ कॅसेटीच्या खोक्यात बसवायची. ई-१८० मध्ये अडीचशे मीटरहून जास्त फीत असते. दोघांचे हात दुखून आले. त्यांनी व्हीसीआर उघडून हेडही स्पिरिटने साफ केले, कापसाने नाही, कारण कापसाचा तंतू अडकला तर हेड मोडते.

पुढचे सोपे आहे, पण त्यासाठी चालू व्हीसीआर लागतो. म्हणूनच ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी तो भंगारवाल्याला देण्याआधी पेटी उघडून पाहावी. डिशच्या रेकॉर्डरला आम्ही व्हीसीआर जोडायचा प्रयत्न केला होता. त्याला बाहेरचे चित्र आत घ्यायचे छिद्रच नाही, तो फक्त तबकडीचे ऐकतो. संगणकाला यूएसबीत लावायची एक छोटी कॅप्चर पट्टी मिळते. व्हीसीआरमागच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल भोकांतल्या वायरी तिला जोडायच्या, इकडे कॅसेट चालू करायची, तिकडे रेकॉर्ड. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, त्यात घाई चालत नाही. फाईल आठ जीबीच्या आसपास झाली. सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह आणला तर तो ती घेईना. जुन्या पद्धतीने तयार केलेला पेन ड्राइव्ह चार जीबीपेक्षा मोठी एक फाईल ठेवत नाही. तिचे तीन तुकडे केले. आता एक प्रत संगणकात, एक पेन ड्राइव्हवर, एक दुबईला थोरल्या भावाकडे. १९८८ ला प्रत कुवेतला गेली होती, तसेच.

हजची कॅसेट उतरत होती तेव्हा अम्मी खुर्ची घेऊन संगणकासमोर बसली. आम्ही म्हणालो, तीन तास आहेत, नंतर टीव्हीवर आरामात बघ. ती उठली नाही. पहिली दहा मिनिटे नुसत्या रेघा आणि पाऊस पडल्यासारखे चित्र. मग अंगण दिसू लागले. जुना पेरूचा पार, जो आता नाही. गळ्यात हार घातलेली माणसे, त्यांतली निम्मी आता नाहीत. अम्मी एकेकाचे नाव घेत गेली आणि आमचा धाकटा वहीत लिहीत गेला, कारण आम्हालाही सगळी ओळखता येईनात.

अब्बा आले ते चाळीस मिनिटांनी. पांढरा कुडता, हातात कागदांची पिशवी. व्हिडिओवाला त्यांना काहीतरी बोला म्हणून खुणावतो. अब्बा इकडेतिकडे बघतात, खाकरतात. आम्हाला वाटले, आता दुआ देतील, मुलांना काही सांगतील. अब्बा कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "अरे, तू चहा घेतलास का? सकाळपासून उभा आहेस." आणि आत वळून हाक मारतात, "याला चहा द्या कुणीतरी."

"दिला होता," अम्मी संगणकाला म्हणाली. "दोनदा दिला होता."

आणखी दहा कॅसेटी उरल्या आहेत. आपाच्या लग्नाची चांगली आहे, बुरशी नाही. तिची फक्त एकच गंमत आहे. कॅसेटीच्या कडेची चिमुकली पट्टी तोडली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. ती आम्ही तोडलीही होती, पण धाकट्या भावाने त्या खाचेवर चिकटपट्टी लावून ९ मार्च १९९६ चा बंगलोरचा भारत-पाकिस्तान सामना तिच्यावर घेतला. त्यामुळे जेवणाच्या पंगतीतून एकदम अजय जडेजा वकार युनूसला मारताना दिसतो. आपाने वीस वर्षे त्याला माफ केलेले नाही. ती नाताळच्या सुट्टीत येणार आहे, तोपर्यंत ती कॅसेट उतरवायची नाही असे तिने फोनवर बजावले आहे. तो सामना ठेवायचा की काढायचा, ते ती ठरवणार.

व्हीसीआर सध्या संगणकाच्या टेबलावर आहे, जुन्या दुपट्ट्याने झाकून. टीव्हीखाली नवा डबा आहे आणि त्यात थोरल्याचे तीन सामने.